सुपाबेस: आमच्या आयपीएल अंदाजांच्या ॲपसाठी

आम्ही अकरा मित्र. कोण जिंकणार याचे अंदाज आधी व्हॉट्सॲपवर टाकायचो, हिशेब माझ्या एक्सेलमध्ये. टॉस झाला की कुणीतरी अंदाज बदलायचा आणि वाद सुरू. म्हणून २०२५ च्या हंगामाला वेब ॲप केलं, डेटाबेस सुपाबेस या ऑनलाइन सेवेचा.

सगळ्यात आवडली ती 'रो लेव्हल सिक्युरिटी'. नियम थेट पोस्टग्रेसच्या (सुपाबेसच्या आतला डेटाबेस) टेबलवरच लिहायचा: टॉसपर्यंत प्रत्येकाला फक्त स्वतःची ओळ दिसेल, नंतर ती कुणालाच बदलता येणार नाही. नुसतं बटण लपवून हे साधत नाही. ब्राउझरमधून थेट विनंती पाठवणारा एक तरी मित्र असतोच, त्यालाही इथे दार बंद.

वेळेचं मात्र नीट समजून घ्या. डेटाबेस यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागे) चालतो, आपला संध्याकाळी सातचा टॉस तिथे दुपारी दीडचा. पहिल्या सामन्याला मी १९:०० तसंच भरलं आणि अंदाज रात्री साडेबारापर्यंत उघडे राहिले.

८ मेचा धरमशालेतला पंजाब-दिल्ली सामना मध्येच थांबला, मग २४ मेला जयपूरला नव्याने खेळवला. मी तारीख बदलली, जुने अंदाज पुसले, दोन मिनिटांत काम झालं. पैसे आम्ही लावत नाही, शेवटचा आला तो मिसळ खाऊ घालतो. एवढ्या मंडळींना सुपाबेसचा फुकटचा प्लॅन पुरला.

३ जूनला बंगळुरू सहा धावांनी जिंकलं. मी निकाल भरला आणि अकराही फोनवर गुणतक्ता त्याच क्षणी, रिफ्रेश न करता, वरखाली झाला.