सुतक, सुई आणि ४५ खोल्यांचा बंगला: गेल्या काही महिन्यांत बघितलेलं आणि खेळलेलं

मला हल्ली एका गोष्टीचा जाम वैताग येतो, पिक्चर असो नाहीतर गेम, समोरचा समजावून सांगत बसतो. हिरोला दुःख झालंय, तर तो रडतो, मग व्हायोलिन वाजतं, मग मित्र येऊन त्याला सांगतो की तुला किती दुःख झालंय. गेममध्ये तर विचारूच नका, दरवाजा दिसला की लगेच स्क्रीनवर पाटी, दरवाजा उघडायला हे बटण दाबा, अरे बाबा दिसतोय ना दरवाजा, बघतो मी काय करायचं ते. तर खालचं सगळं या एका चष्म्यातून लिहिलंय हे धरून चाला. दादरहून भांडुपपर्यंत उभ्याने येताना मोबाइलवर जे खरडलं होतं तेच जरा सरळ करून देतोय, काही गेम अजून अर्धवट आहेत, त्यामुळे शेवट कसा आहे हे मला विचारू नका.

पहिला साबर बोंडं, कारण तो सगळ्यात जास्त डोक्यात राहिला. रोहन परशुराम कानवडेंचा पिक्चर, जानेवारी २०२५ ला अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिव्हलमध्ये वर्ल्ड सिनेमा ड्रामॅटिक विभागात ग्रँड ज्युरी प्राइझ मिळालं आणि आपल्याकडे १९ सप्टेंबरला लागला. लागला म्हणजे काय, मी गेलो त्या मल्टिप्लेक्सला दिवसात एकच शो आणि तोही भर दुपारी, नोकरीवाल्या माणसाने मराठी पिक्चर बघूच नये अशी सोय. हाफ डे टाकला आणि गेलो.

आनंद मुंबईत नोकरी करणारा तिशीतला मुलगा, वडील जातात, आईबरोबर बॉडी घेऊन गावाला जातो आणि दहा दिवस तिथे थांबतो. गावात लहानपणचा मित्र बाळ्या, शेती करणारा, त्याच्याही मागे घरच्यांनी लग्नाचा लकडा लावलेला. या दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, एवढीच गोष्ट. आणि पिक्चरला बॅकग्राउंड म्युझिक नाहीच. माझ्या मागच्या रांगेतल्या काकांनी बायकोला चक्क विचारलं, आवाज गेलाय का गं. आवाज गेलेला नसतो, शेळ्या ऐकू येतात, भांडी ऐकू येतात, लांबून कुणीतरी खोकतं, पण इथे वाईट वाटून घ्या असं कुणी सांगत नाही. कॅमेरा एका जागी लावलाय आणि लोक त्याच्यासमोर बसलेत, बस.

ती बैठक आपल्यातल्या प्रत्येकाने बघितलेली आहे. सतरंजी, भिंतीला टेकलेली माणसं, नवीन कुणी आलं की तीच हकिगत पुन्हा पहिल्यापासून, कधी अ‍ॅडमिट केलं, डॉक्टर काय म्हणाले, शेवटचं काय बोलले, आणि सांगणाऱ्याचा आवाज दरवेळी थोडा थोडा कोरडा होत जातो. आणि या सगळ्यात भावकीतलं कुणीतरी हमखास पोराच्या लग्नाचा विषय काढणारच. आनंदच्या आईचं काम जयश्री जगताप यांनी केलंय. तिला पोराचं सगळं माहीत आहे, आणि ती यावर एकही भाषण देत नाही, फक्त मध्ये पडून विषय दुसरीकडे नेते, जसं आपल्या आया वर्षानुवर्षं करत आल्यात. मला तिचं काम दोन्ही पोरांपेक्षा भारी वाटलं, आणि भूषण मनोज आणि सूरज सुमन दोघांनीही काही कमी केलेलं नाही. मध्ये एक टप्पा सैल वाटला, तेच ते शेतात फिरणं, झाडाखाली बसणं, तिथे कात्री चालली असती. पण बाहेर आल्यावर मला कुणाशी बोलायचं नव्हतं, मॉलमध्ये खालच्या मजल्यावर कसलीतरी लकी ड्रॉची अनाउन्समेंट चालू होती ती अक्षरशः असह्य झाली.

याच्या बरोब्बर एक आठवडा आधी दशावतार आलेला. तो मी दादरला प्लाझाला बघितला आणि तो तिथेच बघायचा पिक्चर आहे, कारण अर्धं थेटर लालबाग-परळचे कोकणी, मालवणीतला एकेक शब्द पडला की हशा, आणि शेजारची आजी नातवाला संकासुर कोण ते समजावत होती (हे समजावणं मला चालतं). दिलीप प्रभावळकर. १९४४ चा जन्म आहे त्यांचा, ८१ व्या वर्षी माणूस दशावतारी नटाचं काम असं करतो की बघताना आपल्यालाच दम लागतो. इंटरव्हलपर्यंत मी पूर्ण विकला गेलो होतो, बाप आणि पोरगा, अधू होत चाललेले डोळे, तरी रंग फासून उभं राहायची हौस, जंगलातला उजेड, सगळं जमलेलं. नंतर मात्र खाणीचा विषय येतो आणि पिक्चरला आपल्यावर भरवसा राहत नाही. व्हिलन येऊन सांगतो मी व्हिलन आहे, निसर्ग वाचवायला पाहिजे हे आपल्याला डायलॉगमध्ये दोन-तीनदा मिळतं, अरे कोकणातल्या माणसाला काय सांगता, त्याच्या गावाशेजारचा डोंगर त्याने अर्धा झालेला बघितलाय. पण दिग्दर्शक सुबोध खानोलकरांनी मराठीत एवढा मोठा घाट घातला, मेकअप, अवतार, अ‍ॅक्शन, आणि लोक आले, घरच्या म्हाताऱ्यांना घेऊन आले, हे बघून बरं वाटलं. मी आईला घेऊन परत जाणार होतो, ती म्हणाली तू स्टोरी अर्धी सांगितलीस, आता कशाला.

धुरंधर. ३ तास ३४ मिनिटं. रात्रीचा शो घेऊ नका, शेवटची लोकल जाईल आणि मग रिक्षावाल्याशी जो संवाद होईल तो पिक्चरपेक्षा हिंसक असेल. कराचीच्या ल्यारीतल्या टोळ्या, रक्त, शिव्या, ए सर्टिफिकेट, दिग्दर्शक आदित्य धर यांना कंटाळा येऊ न देता ताणता येतं हे मान्य, पण ताणलंय हेही मान्य करा. रणवीर सिंग बराच वेळ गप्प राहतो आणि तो गप्प असला की चांगला दिसतो हे मला पहिल्यांदाच कळलं. अक्षय खन्ना मात्र वेगळ्याच पातळीवर, त्या बहारीनच्या रॅप गाण्यावर तो जो आत येतो ना, काही करत नाही खरं तर, हात हलवतो, थोडा नाचतो, पण आमच्या थेटरात पोरं खुर्चीवर उभी. २०२५ च्याच फेब्रुवारीत हाच माणूस छावामध्ये औरंगजेब होता, जवळजवळ कुजबुजत बोलणारा. बाकी ज्यांना कान प्रिय आहेत त्यांनी मागच्या रांगेत बसा.

आता गेम. आमच्या घरी टीव्ही एकच आणि तो हॉलमध्ये, संध्याकाळी सिरियल चालू झाल्या की आईचा, त्यामुळे माझं खेळणं जेवणानंतर आणि आवाज बारीक करून. पीएस फाइव्हच्या नवीन मोठ्या गेमची डिस्क पाच हजाराच्या घरात जाते, तेवढ्यात आमचं महिन्याचं वाणसामान येतं, म्हणून मी घेताना शंभरदा विचार करतो. २०२५ मध्ये गंमत अशी झाली की चांगले निघालेले सगळे गेम छोट्या टीमचे आणि त्यामानाने स्वस्त.

क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्सपेडिशन ३३ हा फ्रान्सच्या मॉन्पेलिए गावातल्या सँडफॉल नावाच्या स्टुडिओचा, एप्रिल २०२५ मध्ये आला आणि डिसेंबरात गेम अवॉर्ड्सला नऊ अवॉर्ड घेऊन गेला, गेम ऑफ द इयर धरून. पहिला तास ऐका. लुमिएर नावाचं शहर, समुद्रापलीकडे एक प्रचंड शिळा, तिथे एक चित्रकार बाई दर वर्षी उठते आणि एक आकडा रंगवते, दर वर्षी एकने कमी. त्या वयाची आणि त्याहून मोठी सगळी माणसं त्या क्षणी पाकळ्या होऊन उडून जातात. या वर्षी आकडा ३३. गेम सुरू होतो त्याच दिवशी, आणि आपला गुस्ताव्ह जिच्यावर कधीकाळी प्रेम करायचा त्या सोफीला शेवटचं भेटायला निघालाय. ती ३३ ची आहे. दोघं गावातून चालतात, ओळखीचे भेटतात, कुणी घरातलं सामान वाटून टाकतंय, कुणी उगाच हसतंय, आणि आपल्या हातात फक्त चालणं. मी चौतिशीचा आहे, म्हणजे तिथे मीही त्याच दिवशी उडालो असतो, हा हिशोब मी खेळताना केला आणि गेम पॉज करून पाणी पिऊन आलो.

लढाई आळीपाळीची आहे, तुमचा डाव मग त्यांचा डाव, पण त्यांच्या डावातही तुम्ही रिकामे नाही, वार नेमका येतो त्या क्षणी बटण दाबलं की तो परतवता येतो आणि तो जो खणखण आवाज होतो त्याची चटक लागते. लोरियाँ तेस्तारचं म्युझिक मी आता ऑफिसला जाताना ऐकतो. तक्रार आहेच: पिक्टो आणि लुमिना नावाची जी भानगड आहे, म्हणजे कुणाला कुठली शक्ती चिकटवायची, त्याचा मेनू म्हणजे तलाठी ऑफिस, एक कागद काढला की तीन निघतात. आणि आतल्या भागांत छोटा नकाशा नाही, मी एकाच गुहेत गोल गोल फिरलो. समजावून सांगू नका म्हणणारा मी, तिथे मात्र मला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं की डावीकडे वळ.

हॉलो नाइट: सिल्कसाँग ४ सप्टेंबरला आला. फेब्रुवारी २०१९ ला जाहीर केलेला गेम, ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडची टीम चेरी म्हणजे मूठभर माणसं, लोकांनी साडेसहा वर्षं वाट बघितली. आपल्याकडे रिलीजची वेळ संध्याकाळी साडेसात, चतुर्दशीला दोन दिवस राहिलेले, बिल्डिंगच्या गणपतीची आरती चालू आणि मी एका हाताने टाळ्या देत दुसऱ्या हाताने फोनवर बाय दाबतोय. जगभर सगळ्यांनी एकदम दाबलं आणि ऑनलाइन स्टोअर्स आडवी झाली. मंत्रपुष्पांजली झाली, प्रसाद वाटून झाला, तरी पेज उघडेना. वीस डॉलरचा गेम, म्हणजे मोठ्या गेमच्या निम्म्याहून खूप खाली, तेवढ्यासाठी अख्खं जग रांगेत.

गेम सुंदर आहे आणि दुष्ट आहे. हॉर्नेट नावाची सुईवाली पोरगी, वेगळंच चपळ चालणं. जीव पाच, आणि बरेच शत्रू एका फटक्यात दोन घेतात, म्हणजे तीन फटक्यांत खेळ खल्लास. खालच्या शत्रूवर उडी मारायची तर ती सरळ खाली मारत नाही, तिरकी मारते, त्यामुळे पहिला हॉलो नाइट खेळलेल्यांची बोटं चुकतातच. पैसे म्हणून जपमाळेचे मणी आहेत, मेलात की सुटे मणी तिथेच पडतात, परत जाऊन आणायचे आणि वाटेत पुन्हा मेलात तर गेले. माळेत ओवून ठेवले तर राहतात, पण ओवून द्यायचेही दुकानदार वर मणी घेतो. आणि दमून भागून बाकावर बसायला जावं तर काही बाक मणी टाकल्याशिवाय उघडतच नाहीत, तिथे मी खरंच मोठ्याने शिवी दिली आणि आई आतून म्हणाली झोप आता. पण कुठे जा, काय कर, हे कुणी सांगत नाही, प्रत्येक भिंत स्वतः ठोकून बघायची, आणि एखादी फुटते. पहिल्याच पॅचमध्ये, म्हणजे अपडेटमध्ये, त्यांनी सुरुवातीचे दोन बॉस, म्हणजे मोठे शत्रू, जरा मऊ केले, तरी मी अडकलोय. चिडका माणूस असाल तर नका घेऊ, कंट्रोलर महाग असतो.

ब्लू प्रिन्स आमच्या घरात भलताच चालला. एका पोराला आजोबांच्या भावाकडून बंगला मिळतो, ४५ खोल्यांचा, अट एकच की ४६ वी खोली शोधून दाखव. (मुंबईत असलं मृत्युपत्र निघालं असतं तर पहिल्या दिवशी बिल्डर आणि दुसऱ्या दिवशी चार चुलत भाऊ आले असते.) प्रत्येक दार उघडताना तीन खोल्यांपैकी एक निवडायची, ती तिथे तयार होते, दिवसाला ५० पावलं, पावलं संपली की दिवस संपला आणि दुसऱ्या दिवशी बंगला पुन्हा कोरा. वन बीएचकेत बसून रोज रात्री पाच पाच खोल्या रुंद घर मांडायचं, यात जे सुख आहे ते ठाण्याच्या पलीकडच्यांना नाही कळणार.

यात पार्लर नावाची खोली आहे, तीन पेट्या, प्रत्येकीवर एक वाक्य, किमान एक खरं आणि किमान एक खोटं, ऐवज कुठल्या पेटीत ते ओळखा. आई सिरियल संपल्यावर माझ्या मागे उभी राहिली, वाक्यं मला वाचून दाखवायला लावली, आणि मी वहीत खुणा करेपर्यंत म्हणाली, काळी. काळीच होती. तिने आयुष्यभर पेपरातली कोडी सोडवलीत, तिला हे पाण्यासारखं सोपं. आता पार्लर आलं की हाक मारायची असा दम दिलाय मला. वही मात्र लागतेच, गेम स्वतः काहीही लक्षात ठेवून देत नाही, भिंतीवरचं चित्र, टेबलावरची चिठ्ठी, सगळं आपणच टिपायचं. नशिबाचा भाग जास्त आहे, कधी कधी सलग तीन दिवस नुसत्या बोळकांड्या आणि कपाटं मिळतात तेव्हा चीड येते. आणि बरीचशी कोडी इंग्रजी शब्दांवर बेतलेली आहेत, पत्रं आणि चिठ्ठ्याही भरपूर, त्यामुळे इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर सेलची वाट बघा, आधी कुणाकडे तरी तासभर खेळून बघा आणि मगच पैसे घाला.