जपानमध्ये पोकेमॉन कार्डांची खरेदी: सीलबंद बॉक्स, सुटं कार्ड की ग्रेडेड स्लॅब?

जपानच्या सहलीत कार्डांसाठी एक दुपार राखून ठेवली की पहिल्याच दुकानात पेच पडतो. काउंटरमागे सीलबंद बॉक्स रचलेले असतात आणि समोरच्या काचेच्या कपाटात सुटी कार्डं एकेक करून मांडलेली. पैसे ठरलेले, बॅगेतली जागाही ठरलेली. पहिल्या सहलीत मी बॉक्स घेतले, दुसऱ्या सहलीत जवळजवळ सगळी सुटी कार्डं. आता कोणी विचारलं तर मी सुट्या कार्डांच्या बाजूने बोलतो. पण बॉक्सची बाजू अगदीच लंगडी नाही, म्हणून आधी तिचं ऐकून घेऊ.

नेहमीच्या सेटचा, म्हणजे एका वेळी निघालेल्या कार्डांच्या संचाचा, जपानी पॅक पाच कार्डांचा असतो आणि बॉक्समध्ये असे तीस पॅक. इंग्रजी बॉक्समध्ये छत्तीस पॅक, प्रत्येकी दहा कार्डं, त्यामुळे जपानी बॉक्स हातात घेतला की खेळण्यातला वाटतो. स्कार्लेट अँड व्हायोलेट मालिकेच्या साध्या पॅकची अधिकृत किंमत १८० येन, म्हणजे बॉक्स ५,४०० येनला पडतो. जून २०२३ मध्ये आलेला '१५१' हा सेट वेगळा: पॅकमध्ये सात कार्डं, किंमत २९० येन, बॉक्समध्ये वीस पॅक, एकूण ५,८०० येन. वर्षाअखेरीला येणारे हाय क्लास पॅक ५५० येनचे, दहा कार्डांचे, बॉक्समध्ये दहा. जपानी बॉक्सचा मोठा गुण असा की साध्या सेटच्या तीस पॅकमध्ये सहसा एक तरी एसआर (सुपर रेअर, म्हणजे दुर्मिळ) किंवा त्याहून दुर्मिळ कार्ड निघतंच. शिवाय छपाई आणि कटिंग नेटकं असतं. पॅक फाडण्याची मजा हीच तुमची खरी खरेदी असेल तर जपानी बॉक्सला तोड नाही.

अडचण एवढीच की ५,४०० येनला बॉक्स मिळायला हवा. गाजलेल्या सेटसाठी पोकेमॉन सेंटर या अधिकृत दुकानांमध्ये लॉटरी काढून विक्री होते. ती लॉटरी आधी भरावी लागते, आणि आठवडाभरासाठी आलेल्या पर्यटकाच्या हाती ती लागणं अवघडच. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये नवा सेट यायचा त्या सकाळी माणशी मोजके पॅक मिळतात आणि दुपारपर्यंत रॅक रिकामा होतो. टोकियोतल्या अकिहाबारा भागातल्या दुकानांत जे बॉक्स रचलेले दिसतात त्यांची किंमत दुकानाने स्वतः ठरवलेली असते. म्हणून ५,४०० हा आकडा डोक्यात पक्का ठेवायचा. त्यावर जे काही आहे तो प्रीमियम, आणि तो देताना आपण निदान जाणूनबुजून देतोय एवढं तरी हवं.

अधिकृत किमतीला बॉक्स मिळालाच तर आणखी एक गंमत होते. पैसे घेतल्यावर काउंटरवरचा मुलगा तुमच्यासमोर बॉक्सवरचं पारदर्शक प्लास्टिक कापून काढतो. माझ्याबाबतीत पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मी हात पुढे करून अडवायलाच निघालो होतो. त्यात लबाडी काही नाही. घेतलेला माल लगेच चढ्या भावाने विकला जाऊ नये म्हणून अनेक दुकानं असं करतात. पण दहा वर्षं जपून ठेवायला बॉक्स घेत असाल तर प्लास्टिक नसलेला बॉक्स पुढे कमी भावाने जातो, हे लक्षात असू द्या.

जुन्या सेटचे सुटे पॅक मात्र शक्यतो टाळा. चमकदार कार्ड असलेला पॅक वजनावरून किंवा चाचपून ओळखायची युक्ती जुनी आहे. जपानी दुकानदार तिला 'सर्च' म्हणतात आणि काही प्रामाणिक दुकानं पॅकवर तशी चिठ्ठीही लावतात. चिठ्ठी नाही याचा अर्थ पॅक कुणी चाचपलेला नाही, असा मात्र होत नाही.

सुट्या कार्डांचं गणित

इथे जपानला खरंच तोड नाही. एकेका दुकानात हजारो कार्डं, प्रत्येकावर किंमत, प्रत्येकाची अवस्था लिहिलेली. महागडी कार्डं काचेच्या कपाटात, स्वस्तातली 'स्टोरेज' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लांबट खोक्यांत, जिथे उभं राहून तासभर चाळत बसायचं. पण किंमत रास्त आहे की नाही हे कळायचं कसं? त्याचं उत्तर दुकानाच्या भिंतीवरच असतं.

दारावर, जिन्यात, लिफ्टशेजारी कार्डांचे फोटो आणि त्याखाली ठळक आकडे असे मोठे तक्ते लावलेले असतात. नवखा माणूस ती विक्रीची यादी समजतो. ती 'काइतोरी'ची यादी असते, म्हणजे ते कार्ड तुम्ही विकायला आणलंत तर दुकान किती देईल ते. समजा तक्त्यावर एखाद्या कार्डापुढे १०,००० येन लिहिलंय आणि शेजारच्या दुकानात तेच कार्ड ११,५०० ला विकायला आहे, तर भाव चोख आहे. तेच १६,००० ला असेल तर पुढच्या मजल्यावर चला. या तक्त्यांचे फोटो काढून ठेवले की दुपारभर कुठलंही ॲप उघडावं लागत नाही. फक्त एक ध्यानात ठेवा: तो भाव निर्दोष कार्डाचा असतो, ओरखडा असलेल्याचा नाही.

अवस्थेची खूण बहुतेक ठिकाणी ए, ए मायनस, बी, सी अशी असते. 'किझु आरी' लिहिलं असेल तर कार्डावर व्रण आहे. प्रत्येक दुकानाची फूटपट्टी वेगळी, पण एकंदरीत जपानी दुकानदार स्वतःच्या मालाबाबत कडक. मी एक बी दर्जाचं कार्ड कपाटातून काढून दाखवायला सांगितलं. मुलाने ते छोट्या ट्रेमध्ये ठेवून आणलं आणि उलटं केलं. मागच्या निळ्या किनारीवर, वरच्या डाव्या कोपऱ्यात, खसखशीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता. त्याने बोट न लावता पेनच्या टोकाने तो दाखवला आणि माझ्या तोंडाकडे पाहत थांबला. मला एवढं शोधायला भिंग लागलं असतं. ते कार्ड ए दर्जाच्या निम्म्या किमतीत मिळालं आणि आज बाइंडरमध्ये, म्हणजे कार्डं लावायच्या वहीत, समोरून ते कुणालाही निर्दोषच वाटतं. बाइंडरसाठी घेणाऱ्याने बी दर्जाचाच खण आधी पाहावा, असं माझं ठाम मत आहे. ग्रेडिंगला, म्हणजे कंपनीकडून अवस्थेचे गुण घ्यायला, पाठवायचं असेल तरच ए, आणि तेही मागची बाजू बघून.

आता यादीबद्दल. भाच्याने मला इंग्रजी सेटवरून यादी करून दिली होती. त्यात '१५१' मधलं चारिझार्ड या पोकेमॉनचं खास चित्राचं कार्ड १९९/१६५ असं लिहिलेलं. मी तो आकडा फोनवर दाखवला तर काउंटरवरचा मुलगा गोंधळला, कारण जपानी सेटमध्ये तेच चित्र २०१/१६५ वर आहे. नावंही वेगळी: चारिझार्ड तिकडे लिझार्डोन, अंब्रिऑन ब्लॅकी, स्नॉरलॅक्स काबिगोन. पिकाचू तेवढा सगळीकडे पिकाचू. यादी करताना जपानी सेटचा कोड आणि कार्डाचा जपानी क्रमांक, हे दोनच लिहा. 'एसव्ही२ए २०१/१६५' एवढं इंग्रजी अक्षरांत दाखवलं की एक शब्द न बोलता कार्ड समोर येतं.

सुट्या कार्डांत एकच गोष्ट हुकते, ती म्हणजे अचानक काहीतरी निघाल्याचा आनंद. जपानी दुकानांनी त्यावरही उपाय काढलाय, 'ओरिपा'. म्हणजे दुकानाने स्वतः भरलेली पाकिटं, आत काय ते नशिबावर. वर मोठ्या बक्षिसाचा फोटो. मी एका जिन्याखालच्या यंत्रात हजार येनची नोट घातली आणि जे कार्ड आलं ते वरच्याच मजल्यावरच्या स्टोरेजच्या खोक्यात ३० येनला पडलेलं होतं. याहून जास्त त्यावर लिहायची गरज नाही.

स्लॅब कुणी घ्यावा

पीएसएसारख्या कंपनीने तपासून, गुण देऊन, कडक प्लास्टिकमध्ये बंद केलेलं कार्ड म्हणजे स्लॅब. जपानमध्ये पीएसए १० गुणांची कार्डं भरपूर दिसतात. परदेशात, अनोळखी भाषेत, हजारो येन एका कार्डावर घालायचे असतील तर स्लॅबचा आधार मोठा: अवस्थेवरून वाद नाही आणि वरचा प्रमाणपत्र क्रमांक पीएसएच्या संकेतस्थळावर तिथल्या तिथे पडताळता येतो. तो जरूर पडताळा, कारण बनावट स्लॅबही निघतात. तोटे दोन: स्लॅब जाड असतो आणि बॅगेत एकमेकांवर घासून ओरखडे पडतात. मी घेतला तर एकच घेईन, ज्या कार्डासाठी सहल आठवावी असा.

एक प्रश्न या सगळ्याच्या आधी सोडवायला हवा. तुम्ही जमवता की खेळता? जपानबाहेरच्या अधिकृत पोकेमॉन स्पर्धांमध्ये जपानी कार्डं सहसा चालत नाहीत, यु-गि-ओ या दुसऱ्या कार्डांच्या खेळातही तेच. मॅजिक: द गॅदरिंग या तिसऱ्या खेळात मात्र कुठल्याही भाषेतलं अस्सल कार्ड चालतं. डेक, म्हणजे खेळायचा संच, बांधायला पोकेमॉन कार्डं आणायला निघाला असाल तर इथेच थांबा.

कुठे जावं

अकिहाबारात स्टेशनबाहेर पडताच रेडिओ काइकान ही दहामजली इमारत आहे आणि तिच्यात कार्डांची दुकानं मजल्यामजल्यावर. आजूबाजूच्या गल्ल्यांत आणखी कितीतरी. एकाच कार्डाचे चार भाव अर्ध्या तासात बघायचे तर याहून सोयीची जागा नाही. पण पर्यटकांची गर्दीही इथेच आणि नावाजलेल्या कार्डांचे भाव तसे ताणलेले.

टोकियोतलंच नाकानो मला जास्त आवडतं. शिंजुकूहून चुओ लाइनच्या रॅपिड गाडीने पुढचंच स्टेशन, उत्तरेच्या दारातून बाहेर पडून छपराखालच्या बाजाररस्त्याने सरळ चालत गेलं की १९६६ साली उघडलेलं नाकानो ब्रॉडवे हे दुकानांचं संकुल. जुन्या वस्तूंसाठी प्रसिद्ध मांदाराके हे दुकान इथलंच. नव्या सेटसाठी इथे येऊ नका. १९९६ साली जपानमध्ये निघालेल्या पहिल्या सेटपासूनची जुनी, हाताळलेली, कोपरे मळलेली कार्डं बघायची असतील तर या. सकाळी आलात तर शटर बंद दिसतील. मांदाराके दुपारी बाराला उघडतं.

ओसाकाला जाणार असाल तर निप्पोनबाशी, खास करून ओता रोड. अकिहाबारासारखंच, पण चालायला कमी आणि जिने थोडे मोकळे. टोकियोत दमून दुकानं उरकण्यापेक्षा मी खरेदी ओसाकावर ढकलेन. मॅजिकवाल्यांनी तर टोकियोतल्या ताकादानोबाबाला हारेरुया या दुकानात जावं आणि बाकीचं विसरावं.

आणि बुक ऑफसारखी जुन्या पुस्तकांची साखळी दुकानं. शहराबाहेरच्या शाखांत कार्डांचं कपाट छोटंसं, पण रोजचे भाव बदलण्याची घाई तिथे कमी असते. माझ्या यादीतलं सगळ्यात स्वस्त पडलेलं कार्ड अशाच एका शाखेत, कॅमेऱ्यांच्या शेजारच्या खणात मिळालं. मुद्दाम शोधत जाण्यात मात्र अर्थ नाही. वाटेत लागलं तर डोकवायचं.

कर, पत्ता आणि वजन

पर्यटकाला १० टक्के कर माफ होतो, पण एका दुकानात एका दिवशी करपूर्व ५,००० येनची खरेदी हवी आणि मूळ पासपोर्ट जवळ हवा, मोबाईलमधला फोटो चालत नाही. बॉक्सची ५,४०० ही किंमत करासह आहे. कर वजा जाता ४,९०९ येन होतात, म्हणजे एकटा बॉक्स मर्यादेच्या आतच राहतो. सोबत एखादं सुटं कार्ड किंवा स्लीव्हचं (कार्डावर चढवायच्या पातळ कव्हरांचं) पाकीट घेतलं की काम होतं. स्लीव्ह घेताना माप बघा: पोकेमॉन आणि मॅजिकचं कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटर, यु-गि-ओचं ५९ बाय ८६. शेजारीशेजारी टांगलेली पाकिटं दिसायला सारखीच असतात. १ नोव्हेंबर २०२६ पासून मात्र दुकानात कर भरायचा आणि देश सोडताना कस्टम्सकडून माल तपासून घेतल्यावर परतावा मिळवायचा, अशी पद्धत आहे. तेव्हा कार्डं चेक-इन बॅगेत आधीच देऊन टाकू नका. एरवीही ती हातातल्या बॅगेतच बरी, सुटी टॉपलोडरमध्ये (कडक प्लास्टिकच्या खोळीत) आणि पावत्या सोबत, कारण घरी परतताना आपल्या कस्टम्सनेही विचारलं तर किंमत दाखवता येते.

पहिल्या सहलीत मी चार बॉक्स फोडले. सहाशे कार्डं, किलोभर वजन, त्यातली ठेवण्यासारखी वीसेक. उरलेली तिथेच विकून टाकू म्हटलं, तर काइतोरीच्या काउंटरवर फॉर्म पुढे आला आणि त्यात जपानमधला पत्ता हवा होता. ओळखपत्रही त्याच पत्त्याचं. हॉटेलचा पत्ता चालेल का विचारलं, तर मुलाने अतिशय नम्रपणे दोन्ही हातांनी फुली करून दाखवली. ती कार्डं अजून माझ्या कपाटात बुटाच्या खोक्यात आहेत. पुढच्या वेळी बॉक्स घ्यायचा तो एकच, शेवटच्या रात्री हॉटेलात बसून फोडायला, आणि बाकीचे पैसे बी दर्जाच्या खणात.