कार्डावर शिक्का की मोबाइलवर पॉइंट?

नेहमीचं गिऱ्हाईक टिकवायला काहीतरी योजना काढू, असं ठरवणारे बहुतेक दुकानदार शेवटी दोनच गोष्टींपाशी येऊन अडतात. छापील कार्डावर शिक्के मारायचे, की बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मोबाइल नंबरावर पॉइंट जमवायचे? लातुरात गंजगोलाईच्या अंगाला आमचं किराण्याचं दुकान आहे. आम्ही आधी पॉइंट चालवले, आता कार्ड चालवतोय. माझा कल कुठं आहे ते पुढं कळेलच, पण तुमचं दुकान वेगळं असेल तर हिशेबही वेगळा निघेल, हे आधीच मान्य.

उधारी या तुलनेत धरलेली नाही. तसं पाहिलं तर आपल्याकडची गिऱ्हाईक बांधून ठेवायची सगळ्यात जुनी योजना तीच. सोयाबीन आडतीवर गेलं, पट्टी हातात आली की खातं मिटवायचं आणि त्याच दिवशी दिवाळीची यादी टाकायची. पण एक पावसाळा दगा देतो, बाकी फुगते आणि तेच गिऱ्हाईक आपली गल्ली टाळून पलीकडून जायला लागतं. थोडी उधारी माणूस आणते, जास्त झाली की पळवते. तो वेगळा विषय आहे.

खर्चाच्या बाजूनं दोन्हीत फार फरक नाही. शंभर रुपयांना एक पॉइंट आणि एक पॉइंट म्हणजे एक रुपया, असं धरलं तर 1 टक्का गिऱ्हाइकाला जातो. कार्डावर 500 रुपयांना एक शिक्का, दहा शिक्के झाले की 50 रुपयांच्या आसपासची वस्तू, म्हणजे तोही 1 टक्काच. किराण्यात साखर-तेलावर जे सुटतं ते बघता याच्या वर जाऊ नये, असं माझं मत. सॉफ्टवेअरला वर्षाचं भाडं आहे, कार्डाला छपाई आहे. छपाई स्वस्त पडते, पण निर्णय त्यावर होऊ नये.

पॉइंटची बाजू आधी नीट मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. हिशेबात वाद होत नाही. कार्ड हरवलं, भिजलं, धुण्यात गेलं ही भानगड नाही. नोकराला ओळखीच्या माणसाला जादा शिक्का मारून द्यायची सोय राहत नाही. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे कोण यायचं थांबलं ते दिसतं. दोन महिन्यांत न फिरकलेल्यांची यादी सॉफ्टवेअर एका बटणावर काढून देतं. दर महिन्याला भरघोस यादी टाकणारं घर गप्प झालं, तर गावाकडच्या माणसाकडून खबर लागायच्या आत आपल्याला कळतं. कागद हे करू शकत नाही.

आता ज्या एका गोष्टीनं माझं मन उडालं ती.

संध्याकाळी सातच्या सुमाराला काउंटरवर सात-आठ जण उभे असतात. बिल करणारा पोरगा विचारतो, "नंबर?" ट्यूशन एरियात राहणारी एखादी मुलगी, नीटची तयारी करायला बाहेरगावाहून आलेली, हळू आवाजात नंबर सांगते. वर पंखा, बाहेर ॲटो, पोराला अर्धंच ऐकू येतं. ती पुन्हा सांगते. मग तो खात्री करायला दहाच्या दहा आकडे मोठ्यानं म्हणून दाखवतो. मागं उभी असलेली पोरं तेवढा वेळ मोबाइलमध्ये बघत असतात, नाहीतर बघत असल्यासारखं करत असतात. पुढच्या वेळी ती मुलगी म्हणते, "राहू द्या, पॉइंट नको." त्याच्या पुढच्या वेळी ती येतच नाही.

चाकूरकडचे एक पालक सामान घ्यायला मुलीबरोबर आले होते. त्यांनी बिलाच्या वेळी मला बाजूला घेऊन शांतपणे विचारलं, "मालक, पोरीचा नंबर असा भर दुकानात म्हणायचा असतो का?" यावर द्यायला उत्तर नव्हतं. नंतर आकडे दाबायचं छोटं यंत्र गिऱ्हाइकाच्या बाजूला ठेवून बघितलं. विद्यार्थ्यांना ते जमलं. पण खेड्यावरून आलेल्या मावशी पिशवीतून चिठ्ठी काढायच्या, चिठ्ठी पोराकडं द्यायच्या, आणि पोरगा परत मोठ्यानंच वाचायचा. रांग लांबायची ती वेगळीच.

त्यात नंबर कुणाचा हाही घोळ. सासरे आले तर त्यांचा, सून आली तर तिचा, धाकटा आला तर त्याला घरातला एकही पाठ नाही. एका घराचे पॉइंट चार ठिकाणी विखुरतात आणि कुठंच पुरे होत नाहीत. एका मावशींनी पुण्यातल्या मुलाचा नंबर दिलेला. बिल झालं की मेसेज पुण्याला, आणि त्या घरी पोचायच्या आत मुलाचा फोन, "आई, एवढं तेल कशाला घेतलं?" त्यांनी हसत सांगितलं खरं, पण तो नंबर काढायलाही लावला.

सरकारनंही यात हात घातलेला आहे. गिऱ्हाइकाकडं मोबाइल नंबरचा आग्रह धरू नका, असं केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयानं मे 2023 मध्ये किरकोळ विक्रेत्यांना कळवलं. त्याच वर्षी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. संमती घ्यायची, ज्या कामाला माहिती घेतली त्याच कामाला वापरायची, गिऱ्हाइकानं सांगितलं तर पुसायची, असा त्याचा रोख आहे. आपल्यासारख्या दुकानावर उद्या कोणी धाड घालणार नाही, पण हजारभर घरांचे नंबर एका कॉम्प्युटरमध्ये आणि त्याचा पासवर्ड तीन नोकरांना पाठ, ही गोष्ट मला तरी जड जायला लागली.

कार्डाचे दोष लपवत नाही. "घरी राहिलं" हे वाक्य रोज ऐकावं लागायचं. रबरी शिक्का कोणीही बनवून आणू शकतो, म्हणून आम्ही शिक्क्यावर पेनानं तारीख घालतो. आणि जाड कागद घेतला तरी पावसाळ्यात कडा फुगतातच.

घरी राहण्यावर उपाय निघाला तो असा की कार्ड गिऱ्हाइकाला द्यायचंच नाही. काउंटरच्या आत एक लाकडी पेटी आहे, तिच्यात गावांच्या नावाचे पुठ्ठे उभे लावलेत: औसा, मुरूड, रेणापूर, बाभळगाव, आणि शहरातल्यांसाठी गल्लीवार. बिल झालं की पोरगा विचारतो, "कुठलं गाव, मामा?" गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, कार्ड निघालं. घरातलं कोणीही येवो, कार्ड एकच. गाव सांगायला आपल्याकडं कुणाला संकोच वाटत नाही, उलट त्यावरून पाऊसपाणी निघतं, येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात कोण कोण येणार ते निघतं, आणि नव्या पोरालाही गिऱ्हाईक ओळखीचं होतं. एका गावात एकाच आडनावाची वीस घरं असतात तिथं आजोबाचं नाव लिहावं लागतं, एवढीच अडचण. विद्यार्थ्यांसाठी वेगळा पुठ्ठा आहे, त्यांना कार्ड हातात दिलं तरी चालतं. पोरं ते मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवतात.

कोण यायचं थांबलं ते या पेटीतूनही थोडंफार कळतं. शेवटच्या शिक्क्याची तारीख जुनी असलेली कार्डं महिनाअखेरीला मागं सरकवतो. सॉफ्टवेअरइतकं चोख नाही, पण माझं भागतं.

नवं कार्ड सुरू करताना एक युक्ती करा. नुनेस आणि ड्रेझ या दोन अभ्यासकांनी अमेरिकेत गाडी धुण्याच्या केंद्रावर 300 कार्डं वाटून बघितली होती, 2006 साली तो अभ्यास छापून आला. निम्म्यांना शिक्क्याच्या आठ घरांचं कोरं कार्ड, निम्म्यांना दहा घरांचं, पण दोन शिक्के आधीच मारलेलं. दोघांनाही आठच वेळा यायचं होतं. कोरं कार्ड 19 टक्क्यांनी पुरं केलं, दोन शिक्केवालं 34 टक्क्यांनी. आम्ही बारा घरं छापून दोन भरूनच कार्ड सुरू करतो. आमच्याकडं किती फरक पडला ते मोजलेलं नाही, पण अर्धवट भरलेलं कार्ड बघून "अजून किती राहिले?" असं लोक आपणहून विचारतात. पॉइंटबद्दल असं कुणी विचारल्याचं फारसं आठवत नाही, मेसेज न वाचताच जातात.

बक्षीसही रोख सूट ठेवू नका. बिलातून 50 रुपये कमी झाले तर ते बिलातच विरघळतात. त्याच किमतीचे शेंगदाणे पुडा बांधून हातात दिले तर घरी जाऊन सांगितलं जातं. पॉइंटवाल्या वर्षी आणखी एक त्रास झाला. सगळे पॉइंट दिवाळीच्या आठवड्यात एकदम वटवायला आले आणि ऐन खरेदीच्या दिवसांत गल्ल्यातली रोकड आटली. कार्ड ज्याचं भरेल त्याला तेव्हाच मिळतं, त्यामुळं भार वर्षभर विखुरतो.

जाहिरातीसाठी तरी नंबर हवेतच की, असं म्हणाल. थोडे हवेत. पण ठोक एसएमएस पाठवायचे तर ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमानं दुकानाची आणि मेसेजच्या मजकुराची नोंदणी आली, ती छोट्या दुकानाला परवडते पण झेपत नाही. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टला एका यादीत 256 जण, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो. म्हणून आम्ही उलट केलं. दुकानाचा नंबर कार्डावर आणि पिशवीवर छापला. ज्याला भाव हवेत तो स्वतः मेसेज करतो. अशी यादी लहान असते, पण कोणी ब्लॉक करत नाही.

पॉइंट कुणी घ्यावेत? मेडिकलवाल्यांनी जरूर. बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याला संपतात, तिथं आठवणीचा मेसेज ही सेवाच आहे आणि नंबर तसाही दिलेला असतो. दोन-तीन शाखा असतील, तर एकीकडची पेटी दुसरीकडं चालणार नाही, तिथंही सॉफ्टवेअरच बरं. मोठ्या कापड दुकानात माणूस वर्षातून दोनदा येणार, त्याला दहा शिक्क्यांचं कार्ड देऊन काय करणार? आणि गिऱ्हाईक मुख्यतः तरुण, स्वतःचा नंबर स्वतः टाकणारं असेल, तर माझी तक्रार तुम्हाला लागू पडणार नाही.

बाकी एका काउंटरचं दुकान, खेड्यापाड्यातून येणारी घरं, असं असेल तर मी पेटीकडं बोट दाखवीन. बिलिंगचं सॉफ्टवेअर मात्र काढू नका, जीएसटी आणि स्टॉकसाठी ते लागतंच. फक्त नूतनीकरणाच्या वेळी पॉइंटचा भाग वगळून दर विचारा. आधी नाही म्हणतात, दुसऱ्या फोनला कमी करतात.