चेनगाइड बसवायला सायकल दिली, फ्रेमचा कान कापून परत आली

नवी मुंबईत माउंटन बाइकला चेनगाइड (चेन सुटू नये म्हणून लावतात ते) लावून घ्यायच्या विचारात असाल, तर सायकल दुकानात ठेवून येण्याआधी हे वाचा.

खारघरच्या डोंगरावरून उतरताना माझी चेन सारखी सुटायची. पुढे एकच चेनरिंग (दातेरी चक्र), तीही चेन घट्ट धरणाऱ्या नॅरो-वाइड दातांची, मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) चेन ताणून धरणारा क्लच चालू, तरीही. म्हणून चेन वरून धरून ठेवणारं साधं गाइड लावायचं ठरवलं. माझ्या फ्रेमला बीबीभोवती, म्हणजे पेडलच्या दांड्या (क्रँक) ज्यावर फिरतात त्या बेअरिंगभोवती, आयएससीजी-05 या मापाचे तीन कान, म्हणजे गाइड बसवायची भोकं असलेले उंचवटे, होते. वाशीतल्या एका दुकानात तसं स्पष्ट सांगितलं. मालक म्हणाला, "हे युनिव्हर्सल आहे दादा, सगळ्यांना बसतं. संध्याकाळी घेऊन जा."

सगळ्यांना बसणारं चेनगाइड नसतंच. जुन्या आयएससीजीची भोकं साधारण 48 मिमीच्या वर्तुळावर असतात, 05 ची 56 मिमीच्या, त्यामुळे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. आणखी एक प्रकार बीबी-माउंट. त्याची प्लेट फ्रेम आणि बीबीचा कप यांच्यामध्ये आवळली जाते, म्हणून ते फक्त आट्यांच्या बीबीला चालतं, दाबून बसवलेल्या प्रेसफिटला नाही. माझ्या गळ्यात मारलं ते हेच, दुकानात पडून असलेलं.

संध्याकाळी बिल हातात आलं: गाइड 2,800, नवीन बीबी 1,900, मजुरी वेगळी. बीबी कशाला बदलली? "काढताना गेली, जाम होती." मग जुनी दाखवा. "भंगारात टाकली." पैसे दिले, पण पक्कं बिल मागून घेतलं.

घरी येताना डावी क्रँक हलल्यासारखी वाटली. सायकल ठाण्यातल्या ओळखीच्या मेकॅनिककाकांकडे नेली. त्यांनी क्रँक उतरवली आणि मला जवळ बोलावलं. उजव्या कपावर पान्हा निसटून पडलेला जुना ओरखडा होता तसाच. म्हणजे बीबी माझीच, फक्त पुसून परत बसवलेली.

त्याहून वाईट पुढेच होतं. 73 मिमीच्या शेलला (बीबी बसते ती फ्रेमची नळी) उजव्या कपाखाली 2.5 मिमीचा स्पेसर, म्हणजे चकती, असतो. बीबी-माउंट प्लेट लावताना तो काढायचा, कारण प्लेट त्याच्या जागी बसते. दुकानवाल्याने दोन्ही ठेवले होते. त्यामुळे दोन्ही क्रँकना जोडणारा अख्खा अॅक्सल उजवीकडे सरकला आणि डाव्या क्रँकमध्ये पुरेसा शिरलाच नाही. उतारावर पेडलवर उभं असताना क्रँक निसटली असती तर काय झालं असतं, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

मग काकांनी प्लेट काढली. प्लेटची वळलेली कड वरच्या कानाला अडत होती, म्हणून दुकानवाल्याने कानच कानशीने घासून टाकला होता. काळ्या रंगातून पांढरं अॅल्युमिनियम चमकत होतं आणि शेजारच्या ग्रीसमध्ये कीस चिकटलेला. मला एका शब्दाने विचारलं नाही. वरून धरणारी बरीच गाइडं वरच्या कानांवरच बसतात, त्यामुळे आता योग्य गाइड आणलं तरी लावायचं कुठे? वेल्डिंगचं नाव काढू नका, असं काका म्हणाले. उष्णतेने आसपासचं अॅल्युमिनियम कमजोर होतं.

दुकानदार म्हणाला, फ्रेम अशीच आली होती. माझ्याकडे आधीचे फोटो होते, तिन्ही कान स्वच्छ दिसणारे. तरी ऐकेना, तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली. त्यानंतर बीबीचे पैसे परत आले. फ्रेमबद्दल तो बोलायलाच तयार नाही.

तुम्ही सायकल देताना बीबीच्या भागाचे फोटो काढा, दुकानदाराच्या देखत काढा. गाइडचा प्रकार बिलावर लिहून घ्या. बदललेला जुना पार्ट हातात मिळाल्याशिवाय नव्याचे पैसे देऊ नका. आणि फ्रेमला कानस लावायची गोष्ट कोणी काढली, तर सायकल उचला आणि बाहेर पडा.

फ्रेमच्या नुकसानीसाठी मी आता ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातोय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि आपली बाजू आपण स्वतः मांडू शकतो. तुमच्याकडेही न बदललेल्या पार्टचं असं बिल पडून असेल, तर फाडू नका.