बजेटच्या टक्केवारीवर हक्क घेताय? फ्रँचाइज पिक्चर्सचं प्रकरण आधी वाचा

फ्रँचाइज पिक्चर्स हा 1990 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला हॉलिवूडमधला छोटा स्टुडिओ. मोठ्या स्टुडिओंनी बाजूला टाकलेला, पण एखाद्या बड्या नटाच्या जिव्हाळ्याचा चित्रपट हाती घ्यायचा. नट कमी मानधनात येतो आणि त्याच्या नावावर परदेशी हक्क आधीच विकले जातात. यात वावगं काही नाही. खोट होती हक्कांची किंमत ठरवण्यात.

आपल्याकडे वितरक एमजी (मिनिमम गॅरंटी, म्हणजे निर्मात्याला द्यायची किमान हमी रक्कम) ठरवतो तेव्हा रक्कम पक्की असते. जर्मनीतल्या म्युनिकच्या इंटरटेनमेंट कंपनीने मात्र फ्रँचाइजच्या चित्रपटांच्या हक्कांसाठी बजेटच्या 47 टक्के द्यायचं कबूल केलं. म्हणजे रक्कम ठरवणं विकणाऱ्याच्याच हाती गेलं.

फ्रँचाइजच्या 'बॅटलफील्ड अर्थ' या चित्रपटाचं बजेट 7.5 कोटी डॉलर दाखवलं गेलं; प्रत्यक्ष खर्च 4.4 कोटींच्या आसपास. 7.5 कोटींचे 47 टक्के म्हणजे सुमारे 3.5 कोटी. खऱ्या खर्चावर ते 2.07 कोटीच झाले असते. निम्म्याहून कमी वाटा देतोय असं समजणारा खरेदीदार जवळजवळ 80 टक्के खर्च उचलत होता! अशा व्यवहारात चित्रपट आपटला तरी विकणाऱ्याला फारशी झळ लागत नाही, आणि खरा धोका तोच.

असा करार बँकेकडे तारण जातो, त्यावर निर्मितीसाठी कर्ज उचललं जातं. प्रिंट ताब्यात दिल्याची नोटीस आली की पैसे बँकेला द्यावेच लागतात. तेव्हा बजेटवर वाद घालून उपयोग नसतो. म्हणून सहीपूर्वीच करारात कमाल रक्कम घाला: 'इतके टक्के, पण अमुक डॉलरपेक्षा जास्त नाही'. चित्रपट पूर्ण होण्याची हमी देणाऱ्या कंपनीने मंजूर केलेलं बजेट थेट तिच्याकडून मागवा, निर्मात्यामार्फत नको. दर आठवड्याचा खर्चाचा अहवाल आणि बँकेची स्टेटमेंटं पाहण्याचा हक्क लिहून घ्या. सेट, कॅमेरा, जेवणखाण यांच्या पावत्या पडताळता येतात. फुगवटा शोधायचा तो निर्मात्याचं मानधन, ऑफिसखर्च आणि त्याच्याच दुसऱ्या कंपन्यांना दिलेल्या रकमांत.

इंटरटेनमेंटने डिसेंबर 2000 मध्ये दावा लावला. जून 2004 मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरीने फसवणूक झाल्याचं मान्य करून सुमारे 7.7 कोटी डॉलर भरपाई ठरवली. त्याच ऑगस्टमध्ये फ्रँचाइजने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणजे दावा जिंकला तरी पैसे हाती येतीलच असं नाही. म्हणून अंतिम खर्चाचं ऑडिट होईपर्यंत एक हप्ता स्वतःकडेच राखून ठेवा, आणि हे कलम बँकेकडूनही आधीच मान्य करून घ्या.