फोन साफ करणारं अ‍ॅप: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत वापरल्यावर

नाव मुद्दाम लिहीत नाहीये. झाडूचं नाहीतर रॉकेटचं चित्र असलेली अशी ढीगभर अ‍ॅप्स प्ले स्टोअरवर पडलीत आणि उघडली की आतून सगळी चुलत भावंडं, त्यामुळे एकाचं वाचलं तरी बाकीच्यांना बऱ्यापैकी लागू होईल.

आमचं काम केळीचं, रावेर तालुक्यात. फोन 64 जीबीचा, त्यातली बरीच जागा सिस्टीमच खाऊन बसलेली आणि उरलेल्यात बऱ्हाणपूर बाजारचे केळीचे रोजचे भाव, घडांचे फोटो, वजनकाट्याच्या पावत्या, भरलेल्या ट्रकचे व्हिडिओ आणि वर पाहुण्यांच्या ग्रुपवरचं गुड मॉर्निंग. म्हणजे अ‍ॅपची गरज खरीच होती, हौस म्हणून टाकलं नव्हतं.

उघडल्या उघडल्या स्क्रीनभर लाल गोल. आत दोन-अडीच जीबी जंक असा आकडा आणि खाली मोठ्ठं बटण, साफ करा. ते जंक म्हणजे नेमकं काय हे बघायचं तर कोपऱ्यात एक फिकट बाण आहे, तो शोधावा लागतो. आबांच्या फोनमध्येही टाकून दिलं होतं, त्यांनी तो लाल गोल बघितला आणि म्हणे, "काहून रे भो, मोबाइल पेटते का काय आता?" बटण दाबलं की हिरवा, सकाळी परत लाल. कारण त्यातलं बरंचसं कॅशे असतं, म्हणजे यूट्यूब, इन्स्टा वगैरे पटकन उघडावेत म्हणून साठवलेला माल. तो उडवला की अ‍ॅप तेच परत डाउनलोड करतं, वर डेटा जातो तो वेगळाच. त्यात अँड्रॉइड 11 पासून एका अ‍ॅपला दुसऱ्याचं कॅशे परस्पर पुसता येत नाही, म्हणून हे मग अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागतं, म्हणजे तुमच्या वतीने सेटिंगमध्ये जाऊन बटणं दाबणार. ती परवानगी दिली की स्क्रीनवरचं सगळं त्याला वाचता येतं, आणि त्याच फोनवर आपलं यूपीआय. मी नाही दिली, तर रोज विचारतं, आणि 'नको' हा शब्द इतका बारीक आणि राखाडी की चष्मा लावून शोधा.

मे महिन्यात अजून एक मजा, 'फोन थंड करा'. बाहेर 45 च्या आसपास, शेडच्या पत्र्याखाली फोन हातात धरवत नाही आणि हे अ‍ॅप स्क्रीनवर बर्फ पाडतंय!! दोन सेकंद बर्फ पडला की 'फोन थंड झाला'. अरे कसा झाला? मागे चालू असलेली अ‍ॅप्स बंद करायला सांगणं, एवढंच याच्या हातात असतं, आणि अँड्रॉइड 14 पासून तर दुसऱ्या अ‍ॅपची ती बॅकग्राउंडची कामंही बंद करता येत नाहीत. रॉकेटवाल्या बूस्टचं, म्हणजे फोन फास्ट करायच्या बटणाचं, तेच. अँड्रॉइड मेमरीत अ‍ॅप्स मुद्दाम ठेवतं, काढून टाकली की पुढच्या वेळी उघडायला उलट जास्त वेळ लागतो.

पण माझं खरं भांडण 'सारखे फोटो' या स्क्रीनशी. काट्याच्या पावत्या सगळ्या एकाच पुस्तकातल्या, तोच कागद, तीच चौकट, तोच निळा शिक्का, फरक फक्त गाडी नंबर आणि वजनात. अ‍ॅपच्या हिशोबाने हे सगळे एकच फोटो. एका गटात पाच-सहा पावत्या, एकीवर 'सर्वोत्तम' असा मुकुट आणि बाकी सगळ्यांवर आधीच टिकमार्क करून ठेवलेला. चौकोन एवढाले की आकडा वाचता येत नाही, मोठं करायला बोट दाबून धरावं लागतं, हे कुठे लिहिलेलं नाही, आणि साधं टॅप केलं तर फक्त टिक निघते. मी दाबून बघितलं म्हणून लक्षात आलं, नाहीतर व्यापाऱ्याशी हिशोबाला बसल्यावर दाखवणार काय होतो? डिलीटच्या आधीचा प्रश्न पण बघा, 'इतके आयटम हटवायचे?' कोणते ते नाहीच. आधीपासून काहीच निवडलेलं नको, आणि डॉक्युमेंटसारखे दिसणारे फोटो वेगळे दाखवा, एवढं केलं असतं तरी पुरे होतं.

चांगलं काय ते पण सांगतो. मोठ्या फाइल्सची यादी मस्त आहे, साइजप्रमाणे लावलेली, समोर तारीख, कुठल्या फोल्डरची ते लिहिलेलं. तिथेच कळलं की आपण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटो-व्हिडिओची एक कॉपी सेंट फोल्डरमध्ये राहते, आणि आमचे ट्रकचे व्हिडिओ दोन-दोन वेळा जागा अडवून बसले होते. तेवढ्यानेच फोन मोकळा झाला. (व्हॉट्सअ‍ॅपच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये स्टोरेज अँड डेटा, मग मॅनेज स्टोरेज असं 2020 पासून आहे, 5 एमबीच्या वरचं आणि बऱ्याचदा फॉरवर्ड झालेलं वेगळं काढून देतं, आबांना आता तेच शिकवलंय.)

रिसायकल बिन आहे हे बरं, पण 'जागा मोकळी झाली' असं फटाके फोडून सांगतात तेव्हा फाइल्स बिनमध्येच असतात, फोनच्या सेटिंगमध्ये आकडा हलत नाही. बिन रिकामा करायचं बटण मात्र तीन पडदे आत.

जाहिरातींबद्दल काय लिहू, प्रत्येक सफाईनंतर पूर्ण स्क्रीन.

दोन स्टार, दोन्ही मोठ्या फाइल्सच्या यादीचे. आणि फुकट ट्रायल घेतली असेल तर नुसतं अ‍ॅप काढून पैसे कापायचे थांबत नाहीत, प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या फोटोवर टॅप करून पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समध्ये जाऊन रद्द करावं लागतं, अ‍ॅपमध्ये ही वाट कुठेच दाखवलेली नाही.