सेसना १७२ की पायपर चेरोकी?

चाळिशीत विमान चालवायला शिकायचं ठरवलंत, तर आधी पंख बघा. सेसना १७२चे पंख डोक्यावर, चेरोकीचे बसल्या जागेच्या खाली. सेसनातून शेतं, नदी, रस्ते स्वच्छ दिसतात. नकाशाशी ताडून पाहणं सोपं जातं. मात्र वळताना आतला पंख खाली झुकतो आणि जिकडे वळायचं तीच बाजू झाकतो. चेरोकीत ती मोकळी राहते.

खरा फरक इंधनाचा. सेसनात दोन्ही टाक्यांतलं इंधन स्वतःच्या वजनानं एकदमच खाली उतरतं. चेरोकीत पंप लागतो, आणि डावी-उजवी टाकी आठवणीनं बदलावी लागते. नवख्याच्या डोक्यात आधीच शंभर गोष्टी असतात, म्हणून माझं मत सेसनाला. गुडघे दुखत असतील तर जास्तच: चेरोकीला पुढचं दार एकच, उजवीकडे, तेही पंखावर चढून गाठायचं.